गळ्यात शिट्टी असताना

॥ श्री ॥

चिंचपोकळी, मुंबई
दि. २४ ऑक्टोबर १९८२

चि. आनंदा यास दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. कार्डावर सहा ओळी, त्यातल्या चार थंडीवर. थंडी आहे हे मला ठाऊक होतं रे. म्हणूनच तुझ्या वहिनीने तुझ्या ट्रंकेत माझा नवा स्वेटर कोंबला, मला न विचारता. आता तो तुलाच लखलाभ.

इकडचं ठीक आहे. गिरण्यांच्या संपाला नऊ महिने झाले. गल्लीतली माणसं सकाळी उठून कपडे करतात, नाक्यावर जातात आणि परत येतात. माझ्या गाळ्यात चार मशिनी चालू आहेत. परवा रस्त्यावरून येतानाच मला कळलं की तीन नंबरची सुई बोथट झालीय. कारागीर म्हणाला, शेट, तुमचे कान आहेत की काय आहे. मी म्हटलं, दोघा भावांचे कान देवाने एकट्यालाच दिले, त्याला मी काय करू.

हे गमतीने लिहिलं, पण मुद्दा तोच आहे. कॅप्टनसाहेब माझं जुनं गिऱ्हाईक. माझ्या सॅक आणि तंबू त्यांच्या कॅम्पवर पाच वर्षं चालताहेत, माझ्या शब्दावर त्यांनी तुला ठेवून घेतलंय. निघताना व्हीटीवर तू कबूल केलं होतंस की पहिल्याच दिवशी त्यांना सांगशील, पंधरा वर्षं गिरणीत साच्यांवर, मागांच्या खडखडाटात काढली, दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही, तोंडासमोर बोलावं लागतं. सांगितलंस का? कार्डात त्याचा उल्लेख नाही.

लालबागला तुझं खपून गेलं, कारण आपल्या चाळीत सगळे साचेवालेच. सगळेच ओरडून बोलतात आणि सगळेच समोरच्याच्या ओठांकडे बघतात. कोणाला किती ऐकू येतं याचा पत्ताच लागत नाही. तिकडे डोंगरात तशी माणसं नसतील. तंबू शिवायला कान लागत नाहीत हे खरं, पण लपवून ठेवू नकोस.

तुळसा आणि मुली गावी पोचल्या. मिठबावहून खुशालीचं पत्र आलं.

उत्तर लवकर धाड, आणि ते कार्डापेक्षा लांब असू दे.

तुझा, दादा


॥ श्री ॥

कॅम्प, मनालीच्या वर
दि. १९ नोव्हेंबर १९८२

ती. दादांस आनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. इथे वाचायला दुसरं काही नाही. स्वेटर अंगात आहे, वहिनींना सांगा.

अकरा तंबू दुरुस्त केले. तुमच्या शिलाईला नाव ठेवायला जागा नाही, पण पट्ट्यांची बक्कलं थंडीत तडकतात, ती पितळी घाला.

बर्फ पडला, दादा. मला वाटायचं बर्फ म्हणजे बर्फ. तसं नाही. हिराराम म्हणून इथला वाटाड्या आहे, चाळिशीचा, याच डोंगरांत वाढलेला. त्याने फावड्याने उतारावर छातीइतका खड्डा खणला आणि मला आत उभं केलं. भिंतीत थर दिसत होते, गोदामात ताग्यावर तागा रचतात तसे. वरचा ताजा, कापसासारखा. मधला वाऱ्याने दाबलेला, फळीसारखा. सगळ्यांत खाली साखरेसारखे सुटे दाणे. मुठीत धरले तर मूठ वळेना. तो म्हणाला, ही साखर वाईट. वरचा सगळा थर तिच्यावर नुसता ठेवलेला असतो, कशाला चिकटलेला नसतो. माणसाचा पाय पडला की अख्खा उतार निघून येतो. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे ताग्यांची थप्पी अशीच घसरते, खालचा तागा ओढला की. तर तो हसला आणि म्हणाला की बंबईवाला शिकेल.

सांगितलं का विचारलंत. नाही सांगितलं. पहिल्या दिवशी कॅप्टनसाहेब घाईत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली, हा गंगाधरशेटचा भाऊ, आता आपला माणूस. मग तोंडातून निघेना. आता दोन हमाल खाली गावी गेले, म्हणून टोळीबरोबर ओझं घेऊन वर जायला मला विचारलं. मी हो म्हटलं. दादा, दहा महिन्यांनी कोणी मला काम विचारलं. रागावू नका.

आपला आज्ञाधारक,
आनंदा


॥ श्री ॥

चिंचपोकळी
दि. १२ डिसेंबर १९८२

चि. आनंदा यास आशीर्वाद.

रागावू नका म्हणतोस, म्हणजे रागवायचं काम केलंयस हे तुला कळतंय.

तंबू शिवणं वेगळं आणि बर्फावर चालणं वेगळं. गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका गिर्यारोहण क्लबची मंडळी गाळ्यावर आली होती. त्यांना चहा पाजला आणि हळूच विचारलं, बर्फात कान किती लागतात. त्यांच्यातला एक सांगत होता की बर्फ पायाखाली धप्प असा आवाज करून खाली बसतो, पोकळ ढोलासारखा. तो आवाज आला की एक पाऊलसुद्धा पुढे टाकायचं नाही, आल्या वाटेने मागे फिरायचं. डोंगर एवढाच इशारा देतो, आणि तोही दर वेळी देत नाही. हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही, आणि तुझ्या वहिनीला वाटतंय तिचं मीठ चुकतंय.

तेव्हा आता नीट ऐक. ऐक म्हणजे वाच. वर्ष संपायच्या आत तू सांग. नाही सांगितलंस तर मी कॅप्टनसाहेबांना लिहीन. मग माझा भाऊ खोटारडा ठरला तरी चालेल.

तुझ्या खात्यातला चंदू आता फुटपाथवर रुमाल विकतो. भेटला की तुझी चौकशी करतो, लांबूनच ओठ हलवून. रस्त्यापलीकडून मला काही कळत नाही आणि तो हसतो की शेट, तुम्ही बहिरे. मला मात्र त्यात हसू येत नाही.

प्रकृतीला जप. माझी धमकी खरी आहे आणि माया त्याहून खरी आहे, दोन्ही पोचल्याचं लिही.

दादा


॥ श्री ॥

कॅम्प
दि. ३ जानेवारी १९८३

ती. दादांस नमस्कार.

वर्ष संपलं आणि मी सांगितलं नाही. आधी तेच लिहून टाकतो.

तुम्ही म्हणता तो आवाज मला येत नाही, पण पायांना कळतो. आठवतं का, खात्यात शंभर साचे चालू असताना माझा एक बंद पडला तर मला तळपायांतून कळायचं? तसंच आहे. इथेही दोनदा पायाखाली बर्फ बसल्याचं मला बाकीच्यांइतकंच लवकर कळलं. तुम्हाला पटणार नाही, पण मी इथे निरुपयोगी नाही.

हिराराम फार कडक आहे. बर्फ पडला की दोन-तीन दिवस कोणाला उतारावर जाऊ देत नाही, आकाश कितीही निळं असो. परदेशी पाहुणे चिडतात, हा शांतपणे विडी ओढत बसतो. म्हणतो, ज्या कड्यावर वारा बर्फ आणून टाकतो ती बाजू टाळायची. धोक्याचा उतार ओलांडायचा तर एका वेळी एकाच माणसाने. सॅकचे पट्टे सैल सोडून, म्हणजे वाहून जायची वेळ आली तर ओझं टाकता येतं. तो स्वतः आधी जातो, पलीकडच्या खडकाशी उभा राहतो, आणि गळ्यातली शिट्टी एकदा वाजवली की पुढच्याने निघायचं. दोनदा वाजली तर मागे फिरायचं.

शिट्टी मला ऐकू येत नाही. त्यावर मी युक्ती काढली आहे. मी पुढच्या माणसावर नजर ठेवतो. तो खडकाशी पोचला की मी निघतो. आजवर एकदाही चुकलं नाही. थंडीत सगळे तोंडाला मफलर गुंडाळतात, त्यामुळे कोण काय बोलतं ते मला दिसत नाही, तेवढी अडचण होते. हिराराम मात्र माझ्याशी बोलताना मफलर हनुवटीखाली ओढतो. सवय असेल त्याची.

पण एक भानगड झाली. परवा कॅप्टनसाहेबांनी मला मागून तीन हाका मारल्या आणि मी चालत राहिलो. त्यांना संशय आलाय. म्हणाले, तुझ्या भावाला लिहून विचारतो. दादा, ते तुम्हाला विचारतील. तुम्ही खरं लिहिलंत तर मला पुढच्या गाडीने घरी पाठवतील. त्या खोलीत परत जाऊन बसायचं माझ्याच्याने होणार नाही. एवढं सांभाळा. पुन्हा काही मागणार नाही.

आनंदा


॥ श्री ॥

मु. पो. मिठबाव, ता. देवगड
दि. ८ जानेवारी १९८३

ती. भावोजींस तुळसाचा नमस्कार. वि. वि.

माझं अक्षर लागेल तसं वाचा. थोरली म्हणत होती मी लिहिते, पण हे तिला वाचू द्यायचं नाही.

ह्यांचं पत्र मला पण आलं. साहेब तुम्हाला विचारणार म्हणून त्यात आहे. तुम्ही खरं बोलणारी माणसं, म्हणून मला भीती वाटते. भावोजी, संपाचे ते महिने तुम्ही लांबून बघितलेत, मी खोलीत बघितले. हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. मुली हाका मारायच्या, ह्यांना कळायचं नाही. मुलींना वाटायचं बाबा रागावलेत. धाकटीने तर हाक मारणंच सोडून दिलं होतं. आणि आता चार पानं पत्र येतं. बर्फाचे थर काढून दाखवलेत मुलींना, पेन्सिलने. धाकटी ते शाळेत घेऊन गेली.

तुम्ही साहेबांना लिहिलंत तर हे परत येतील आणि परत भिंतीकडे बसतील. तुमच्या पाया पडते, एवढा हिवाळा जाऊ द्या. बर्फ वितळला की मी स्वतः त्यांना सांगायला लावीन. तिकडे डोंगरात भीती आहे हे मला पण समजतं. पण ती इथे पण होती, ती तुम्हाला दिसली नाही.

नारळ एसटीने पाठवले आहेत, परळ डेपोत उतरवून घ्या. जाऊबाईंना नमस्कार, आणि मला समजून घ्या.

तुळसा


॥ श्री ॥

चिंचपोकळी
दि. २० जानेवारी १९८३

चि. आनंदा यास आशीर्वाद.

संपाला परवा वर्ष झालं. नाक्यावर सभा झाली, भाषणं झाली, मग सगळे आपापल्या घरी गेले.

कॅप्टनसाहेबांचं पत्र आलं. सरळ विचारलंय की तुमच्या भावाच्या कानांत काही दोष आहे का, कारण वरच्या कामात त्यावर जिवाचा प्रश्न असतो. सैन्यातला माणूस, दोनच ओळी.

मी दोन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरलो. एका खिशात ते आणि दुसऱ्या खिशात तुळसाचं. शेवटी तुळसाचं जड झालं. मग बसलो आणि माझ्या नेहमीच्या झोकात उत्तर लिहिलं. साहेब, आमचा आनंदा लहानपणापासून तंद्रीतला. आई पाच हाका मारायची तेव्हा हा जेवायला उठायचा. बाकी कान म्हणाल तर हरणाचे आहेत. गिरणीत हजार धोट्यांच्या आवाजात आपला धोटा ओळखायचा. खात्री बाळगा, माझा शब्द आहे. असं लिहिलं, आणि खरं सांगतो, वाचून मला माझंच कौतुक वाटलं. चौदाव्या वर्षी खाणावळीचे डबे पोचवणारा पोरगा इथवर आला तो असाच बोलून आला. गिऱ्हाईक हसलं की निम्मं काम होतं.

साहेबांची उत्तराची तार कालच आली. म्हणतात, तुमच्या शब्दावर विषय संपला.

आता तू माझं एक ऐक. साहेबांना नको, तर त्या हिरारामला तरी सांग. जो तुला वाट दाखवतो त्याला तुझं व्यंग ठाऊक हवं. माझ्यासाठी एवढं कर, मग आपली फिट्टंफाट.

नारळ मिळाले, वहिनीने वड्या केल्या आहेत. पार्सल बर्फातून कसं पोचेल कळत नाही, तरी करतो.

दादा


॥ श्री ॥

कॅम्प
दि. २ मार्च १९८३

दादा,

हिराराम गेला.

मी ठीक आहे. खांद्याला मार आहे, तेवढंच. आधी हे लिहितो, म्हणजे तुम्ही पुढचं वाचाल.

वरच्या झोपडीतून दिल्लीच्या चार विद्यार्थ्यांना घेऊन उतरत होतो. तीन दिवस बर्फ पडून गेला होता, नंतर दोन दिवस वारा. हिरारामने आणखी एक दिवस थांबायला लावलं. तरी खाली यायला एक नाळ, म्हणजे उतरती घळ, ओलांडावीच लागते. दुसरी वाट नाही. तो आधी गेला, पलीकडे खडकाशी थांबला. शिट्टीवर एकेक विद्यार्थी गेला. मी शेवटचा, मोठं ओझं घेऊन. चौथा मुलगा खडकाशी पोचलेला मला दिसला, आणि मी नेहमीसारखा निघालो.

शिट्टी झालीच नव्हती, दादा. चौथा पोचता पोचता बर्फ धप्प करून बसला, ते त्या सगळ्यांनी ऐकलं. हिरारामने हात वर करून मुलांना गप्प केलं आणि शिट्टी वाजवली नाही. शिट्टी नाही म्हणजे मी थांबायचं. मी मान खाली घालून चालत होतो. मुलं ओरडली म्हणे. माझ्या पायांना काही कळलं नाही. पायांचा मी एवढा भरवसा दिला होता तुम्हाला.

वीस पावलं गेल्यावर वर बघितलं तर हिराराम नाळेत उतरून माझ्याकडे येत होता, दोन्ही हात पसरून, मी वर बघावं म्हणून. मफलर हनुवटीखाली होता. शिट्टी गळ्यात तशीच. ओठ मला स्पष्ट दिसले. पीछे, पीछे. दोनदा. मी वळलो आणि धावलो. वरून उतार फाटला. मी कडेला होतो, कमरेपर्यंत गाडला गेलो. तो मधोमध होता.

तेव्हा समजलं की त्याला ठाऊक होतं. मी त्याला कधी सांगितलं नाही, त्याने कधी विचारलं नाही. माझ्याशी बोलताना मफलर काढायचा ती सवय नव्हती.

मी निघालो कसा तरी. मुलं पलीकडे अडकली होती. बर्फावर मी एकटाच. अशा वेळी बर्फाला कान लावून ऐकायचं असतं, खालून आवाज येतो का ते. मी कान लावला. माझ्या कानात साचे चालू होते, दादा. गिरणी बंद होऊन वर्ष झालं, ते माझ्या कानात थांबलेले नाहीत. मी डावा लावला, उजवा लावला. जागा बदलून बदलून लावला. तो हाका मारत होता की नव्हता मला सांगता येणार नाही. मग वाटेल तिथे थाळीने खणत सुटलो. दीड तासाने खालून त्याच्या गावची माणसं आली, त्यांत त्याचा बापही होता. काठ्या खुपसत खुपसत त्यांना तो सापडला. मी खणत होतो तिथून सात हातांवर. त्याच्या तोंडाभोवती बर्फाची कवची झाली होती. त्याच्या बापाने ती हाताने काढली. गाडल्यानंतरही श्वास चालू असला तर अशी होते, असं नंतर कळलं.

आता पुढचं. सगळे एकच विचारतात. गळ्यात शिट्टी असताना हिरारामने दोनदा का वाजवली नाही? एका वेळी एकच माणूस हा त्याचाच नियम, मग तो स्वतः उतारावर का गेला? विद्यार्थ्यांनी जे दिसलं ते सांगितलं. कॅप्टनसाहेबांनी अहवालात लिहिलंय की वाटाड्या गोंधळला. त्यांनी मला विचारलं, तुला सूचना ऐकू आली नाही का. मी उत्तर देण्याआधी तेच म्हणाले, तुझ्या कानांची हमी आहे माझ्याकडे. मी गप्प बसलो.

त्याच्या गावात माणसं कुजबुजतात. हिराराम घाबरला, असं तरुण पोरं म्हणतात. ज्यांना त्याने चालायला शिकवलं ती पोरं. त्याचा बाप पायरीवर बसून तोच प्रश्न मला विचारतो, शिट्टी का वाजवली नाही. मला ओठ दिसतात आणि मी ऐकू न आल्याचं दाखवतो.

काय करू ते लिहा.

आनंदा


॥ श्री ॥

चिंचपोकळी
दि. १३ मार्च १९८३

चि. आनंदा,

तू जिवंत आहेस हे मी आधी वहिनीला सांगितलं, मग पुढचं वाचलं.

काय करू म्हणून विचारतोस. तुला माहीत आहे काय करायचं ते. त्या बापाला सांग. शिट्टी का वाजवली नाही, तर वाजवून उपयोग नव्हता म्हणून. समोरचा माणूस बहिरा आहे हे हिरारामला कळलं होतं आणि तो त्याला हाताने मागे फिरवायला गेला. तो गोंधळला नाही. त्या डोंगरावर त्या घडीला काय करायचं हे ठाऊक असलेला तो एकटाच होता. हे तुझ्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. माझी वाट बघू नकोस, आजच जा.

आणि माझं. तू लपवलंस ते भीतीपोटी. मी लपवलं ते शहाणपणाच्या तोऱ्यात. साहेबांनी मला सरळ विचारलं होतं, जिवाचा प्रश्न आहे असं लिहून विचारलं होतं, आणि मी त्यांना हरणाचे कान सांगितले. तो कागद आज एका मेलेल्या माणसाविरुद्धचा पुरावा झाला. सांगताना तुळसाचं नाव पुढे करू नकोस. तिने नवऱ्यासाठी मागितलं, द्यायचं की नाही हे माझ्या हातात होतं.

कॅप्टनसाहेबांना आज रजिस्टर पत्र टाकलं. त्यात गंमत नाही. लिहिलंय की माझी हमी खोटी होती, मी ती जाणून दिली, अहवालातली ती ओळ माझ्यामुळे चुकली आहे, ती बदला आणि हे पत्र हिरारामच्या गावात सगळ्यांसमोर वाचून दाखवा. पण पत्रं फायलीत पडून राहतात हे मी जाणतो, म्हणून मी स्वतः येतो आहे. गाळा कारागिरांवर सोडलाय. रस्ता उघडेल तेव्हा उघडेल, मी खाली येऊन थांबतो.

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, पण ते आहेत.

दादा


॥ श्री ॥

मनाली
दि. ९ एप्रिल १९८३

चि. सौ. तुळसा हीस आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघे उद्या खाली उतरायला निघतो. पठाणकोटहून गाडी मिळाली तर गुरुवारी मुंबई. आनंदाचा खांदा बरा आहे. वजन उतरलंय. तू आणि मुली लगेच येऊ नका, आठ दिवस त्याला माझ्याकडे राहू दे, मग मी कळवतो. तू तुझ्या त्या पत्राचा विचार करत असशील. करू नकोस. ते मी फाडून टाकलं आहे आणि त्यात काय होतं ते कोणाला सांगणार नाही.

आनंदाने मी यायच्या आधीच सांगून टाकलं होतं. त्या बापाच्या पायरीवर बसून, आपल्या मोडक्या हिंदीत. म्हातारा म्हणे उठून आत गेला आणि हिरारामचा मफलर घेऊन आला. हनुवटीखाली कसा ओढायचा ते पुन्हा पुन्हा दाखवायला लावलं.

कॅप्टनसाहेबांनी अहवाल बदलला. मला समोर बसवून ती नवी ओळ वाचायला लावली. चहा विचारला नाही. म्हणाले, तुमचे तंबू चांगले होते. मी समजलो. नंतर गावच्या देवळापुढे माणसं जमवून त्यांनी माझं पत्र वाचून दाखवलं. मी बाजूला उभा होतो. साहेब मोठ्याने वाचत होते, माझी एकेक ओळ. आनंदा त्यांच्या ओठांकडे बघत होता. हिरारामला भित्रा म्हणणारी पोरं खाली बघत होती. एकाने पुढे येऊन म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला. म्हणजे जे करायचं ते झालं, असं मला वाटलं. मी असाच आहे, काम झालं की मला मोकळं वाटतं.

निघताना निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. हिरारामची बायको बिमला गोठ्याच्या दाराशी उभी होती. आजवर ती आनंदाशी बोलली नव्हती. आज बोलली, पण अंगावरची जाड शाल तोंडावरून ओढून घेऊन. डोळे तेवढे उघडे. आवाज हळू होता, दुसऱ्या कोणाला आला नसता. मला आला. माझे कान तुला माहीत आहेत.

ती म्हणाली, याला सांगा, मी तिथे असते तर माझ्या नवऱ्याला याच्यासाठी परत नाळेत उतरू दिलं नसतं.

आनंदाने माझ्याकडे बघितलं. काय म्हणाली, असं ओठांनी विचारलं. तुळसा, खरं सांगतो, माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. ती म्हणते जेवून जा. एवढंच म्हणायचं होतं, आणि त्याला ते पटलं असतं. जन्मभर पटलं असतं. बिमलेला मराठी येत नाही, तिलाही कळलं नसतं.

मी त्याच्यासमोर उभा राहिलो, त्याला माझं तोंड नीट दिसेल असा, आणि ती जे म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. त्याला एकदा सांगून समजलं नाही. मग मी पुन्हा सांगितलं, सावकाश.

गंगाधर